स्क्रॅपमधला ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) लावला, गाडी दोन सेकंदांत बंद. पुढं काय?

निपाणी_डिझेल
केए 23 पासिंग, 2014, कॉमन रेल डिझेल. पावसात बंद पडली. चावी ऑन केली तरी चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनर जोडला जात नाही. कोल्हापूरच्या स्क्रॅपमधून त्याच मॉडेलचा ईसीएम आणून लावला. आता दिवा लागतो, स्कॅनर चालतो, पण गाडी दोन सेकंद चालून बंद होते आणि चावीचा दिवा लुकलुकतो. प्रोग्रामिंग म्हणजे नेमकं काय करायचं?

उद्यमबाग_वायरमन
आधी जुना ईसीएम परत लावून बघा की. कपलर (वायरिंगचा प्लग) काढ-घाल करण्यानंच कधी कधी पिन घासून कनेक्शन येतं आणि श्रेय मिळतं नव्या डब्याला, म्हणजे ईसीएमला.

तरीही बंदच असेल तर ईसीएमच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये 21 वॉटचा बल्ब लावा. नुसता मल्टिमीटर फसवतो. वायरची एकच तार शिल्लक असली तरी 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब मंद लागला तर दोष वायरिंगचा. आणि मीटरची जाड पिन कपलरमध्ये खुपसू नका, आतली पिन फाकते आणि नवीन दुखणं सुरू होतं.

टिळकवाडी_बेंच
दोन सेकंदांत बंद होणं हे इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या चावी-लॉकचं काम. स्क्रॅपमधल्या डब्यात दुसऱ्या गाडीचा कोड आहे, तुमची चावी तो ओळखत नाही. उपाय क्लोनिंग: जुन्यातला फ्लॅश (प्रोग्रामची मेमरी) आणि ईप्रॉम (कोड-सेटिंगची मेमरी), दोन्ही वाचून नव्यात लिहायचे. लेबलवरचा हार्डवेअर नंबर शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. सॉफ्टवेअर नंबर वेगळा असला तरी चालतो, तो फाईलबरोबर येतो.

काम टेबलावर करा, करंट लिमिट असलेल्या 12 व्होल्ट सप्लायवर. प्रत्येक डबा दोनदा वाचा आणि दोन्ही फाईली जुळवून बघा. एका बाईटचाही फरक निघाला तर क्लिप नीट बसलेली नाही, लिहायला जाऊ नका. स्क्रॅपवाल्याच्या मूळ फाईलचाही बॅकअप ठेवा. मध्येच लाईट गेली तर अर्धवट लिहिलेला डबा स्कॅनरला सापडत नाही. मग बूट मोडनं (थेट प्रोसेसरशी बोलून) उठवावा लागतो आणि त्याला हाच बॅकअप लागतो.

गाडीवरच ओबीडीतून (स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून) फ्लॅश करणार असाल तर बॅटरीला 13 व्होल्टच्या वर स्थिर राहणारा सप्लाय जोडा. साधा चार्जर नको. रेडिएटर फॅन अचानक फुल स्पीडला गेला की व्होल्टेज बसतं.

निपाणी_डिझेल
जुना लावून बघितला, मेलेलाच आहे. बल्ब लख्ख लागतो. झाकण उघडलं तर आत पारदर्शक जेलीसारखं काहीतरी आहे. ब्रशनं साफ करू का?

टिळकवाडी_बेंच
हात लावू नका! जेलखाली सिरॅमिक बोर्ड आणि केसाहून बारीक तारा असतात, ब्रश फिरला की तुटल्याच. तसाच बेंचवर जोडा. प्रोसेसर बोलला तर सगळा डेटा निघेल. नाहीच बोलला तर नवीन ईसीएम घेऊन शोरूममध्ये सगळ्या चाव्या आणि पिन कोडसह मॅच करायचा. तो कोरा डबा ‘फक्त टेस्टिंगला’ दुसऱ्या गाडीत लावू नका, तिथलाच कोड धरून बसेल.

उद्यमबाग_वायरमन
आणखी एक. डबा का मेला ते शोधल्याशिवाय क्लोन केलेला लावू नका. इंजेक्टरचे कपलर काढून कॉईल मोजा. सोलेनॉईड असेल तर अर्ध्या ओहमच्या आसपास, चारही सारखे हवेत. पिन आणि बॉडी यांच्यात कनेक्शन अजिबात यायला नको. एखादा शॉर्ट असला तर नव्या डब्यातला इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर सर्किटही जाईल.

खानापूर_जांबोटी
आमच्याकडच्या पावसात पाणी झाकणातून कमी आणि वायरिंगवरून ओघळत जास्त येतं. हार्नेस (वायरींचा जुडगा) कपलरच्या खाली झोळ देऊन मग वर आणा, थेंब तिथंच गळतात. डबा सील करायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन अजिबात नको, त्यातल्या आम्लानं पिना हिरव्या पडतात. न्यूट्रल क्युअर (आम्ल न सोडणारा) मागा.

आणि सुरू झाल्यावर इंजेक्टरच्या डोक्यावरचे कोड स्कॅनरमधल्या कोडांशी सिलिंडरवार ताडून बघा. क्लोनमध्ये जुनेच कोड येतात. मधल्या काळात इंजेक्टर बदलले असतील तर गाडी आयडलला थरथरते आणि दोष उगाच नव्या ईसीएमवर येतो.