मदत हवी आहे: जेसिका जोन्ससारखं लेदर जॅकेट, शेळीचं घ्यावं की मेंढीचं?

नेटफ्लिक्सवर 2015 साली आलेल्या 'जेसिका जोन्स' मालिकेत क्रिस्टन रिटर घालते तसं काळं बायकर जॅकेट मला हवंय. जेसिकाची ताकद अफाट, पण अंगावर सुपरहिरोचा पोशाख नाही. जीन्स, बूट आणि वापरून मऊ पडलेलं ते जॅकेट. म्हणूनच ते इतकं आवडतं.

ऑनलाइन पाहिली त्यांतली बहुतेक पीयूची, म्हणजे रेक्झिनच. पुण्याच्या दुकानांत खरं लेदर मिळालं, पण फार चकचकीत, आणि माझ्या मापाचं घेतलं की खांदे उतरतात. त्यामुळे आता धारावीत मापाने शिवून घ्यायचं ठरवलंय.

तिथे दोन पर्याय सांगितले. मेंढीचं मऊ आणि हलकं, पहिल्या दिवसापासून अंगावर छान पडतं, पण लवकर ओरखडतं, सैल होतं. शेळीचं टिकाऊ, बारीक दाणेदार, मात्र सुरुवातीला जरा ताठ.

बजेट नऊ हजारांपर्यंत. वापर थंडीत, संध्याकाळी स्कूटरवर. रायडिंगचं पॅडवालं जॅकेट वेगळं आहे, ते सुचवू नका. पावसाळ्यात कपाटात बुरशी धरते, हाही प्रश्न आहेच. सेकंडहँड नको.

ज्यांनी असं जॅकेट दोन-तीन वर्षं तरी वापरलंय त्यांनी कृपया सांगा: तो मॅट, मुरलेला लूक शेळीच्या लेदरला वापरून येतो का, की शिवतानाच तशा फिनिशचं कातडं मागावं लागतं? आणि अस्तर कॉटनचं घ्यावं की सॅटिनचं?