कॅम्पसच्या जीडी (गटचर्चा) आणि मुलाखतीसाठी सॉफ्ट स्किल्स: ६ आठवडे, बजेट ३,०००. काय करावं?

कृष्णाकाठची
धाकटा भाऊ सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ॲप्टिट्यूडची लेखी परीक्षा निघते, अडतं ते जीडी आणि एचआर राउंडला. जीडीत गप्प बसतो. मुलाखतीत पाठ केलेलं धडाधड म्हणतो आणि मध्येच कोणी काही विचारलं की पुढचं सगळं विसरतो. सहा आठवड्यांनी चाकण-रांजणगाव भागातल्या कंपन्या येणार आहेत. बजेट ३,०००, त्याच्यावर नाही. क्लास, ऑनलाइन कोर्स की घरीच सराव? पुण्याला येऊन राहणं जमणार नाही.

पेठकर
पुण्यात निवासी शिबिरं असतात, आठ-दहा दिवसांची. २५-३० हजार जातात, पण मुलगा पूर्ण बदलून येतो. करिअरच्या बाबतीत काटकसर करू नये.

कृष्णाकाठची
बजेट वर लिहिलंय हो.

गेजब्लॉक
क्लास नको. जीडीचं गणित आधी समजून घ्या. १० जण, १५ मिनिटं. वाट्याला सरासरी दीड मिनिट. तीन-चार वेळा, दर वेळी २०-२५ सेकंद बोलला तरी पुरे. एकदम दीड मिनिटाचं भाषण ठोकलं तर वेळ तेवढाच जातो, लक्षात मात्र एकदाच राहतो, आणि बहुतेक वेळा मध्येच कोणीतरी तोडतो.

गप्प बसणारे सगळे शांत व्हायची वाट बघतात. तसं कधी होत नाही. समोरचा वाक्य संपवून श्वास घेतो तेवढ्यात शिरायचं, त्याच्याकडे बघून, त्याच्याच मुद्द्याचं टोक धरून: 'चार्जिंगचा खर्च तुम्ही सांगितलात, त्यात बॅटरी बदलायचा खर्च धरला तर...' आपलाच मुद्दा पुढे जातोय म्हटल्यावर बोलणारा सहसा जागा देतो. वेगळाच विषय काढून घुसलात की दाबला जाता.

सराव होस्टेलच्या खोलीत. सहा जण बोलणार, सातवा कागद घेऊन बसणार. नावांपुढे तीन रकाने: बोलला, दुसऱ्याला तोडलं, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला. नुसत्या उभ्या रेघा मारायच्या. १२ मिनिटं झाली की कागद मधोमध ठेवायचा. दर फेरीला कागदवाला बदलायचा, कारण कोण कुठे चुकतंय ते त्यालाच सगळ्यात जास्त दिसतं. रोज एक फेरी. खर्च चहाचा.

शिफ्टबी
+१. आणि सुरुवात करणाऱ्याला जास्त मार्क मिळतात हे डोक्यातून काढा. विषयाची व्याख्या सांगून थांबणाऱ्या 'स्टार्टर'चा काही उपयोग होत नाही. आकडा किंवा उदाहरण हाताशी असेल तरच पहिलं बोलायचं.

एचआरवाली
'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर पाठ केलेलं अडकतं, कारण तो वाक्यं पाठ करतोय. वाक्यं नको, पाच टप्पे लक्षात ठेवायला सांगा: शिक्षण, प्रोजेक्ट, त्यात स्वतः काय केलं, हाताला येणारं एक काम (कॅड, मेजरमेंट, जे असेल ते), आणि ही नोकरी का. मध्ये प्रश्न आला तर उत्तर देऊन पुढचा टप्पा घ्यायचा. एकूण ६० ते ७५ सेकंद, म्हणजे इंग्रजीत साधारण १४०-१५० शब्द. वडील काय करतात, छंद काय, हे विचारल्याशिवाय सांगू नये. 'मायसेल्फ अमुक तमुक' आणि 'आय ॲम बिलाँगिंग टू' ही दोन वाक्यं आजच काढून टाका.

वागणुकीच्या प्रश्नांना स्टार पद्धत आहे: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. सगळे शिकवतात, पण वेळेची वाटणी कोणी सांगत नाही. पहिल्या दोन्हींना मिळून २० सेकंद, कृतीला मिनिटभर, परिणामाला १५-२० सेकंद. मुलं उलटं करतात: परिस्थितीचं पुराण दोन मिनिटं आणि स्वतः काय केलं ते एका वाक्यात.

आपल्याकडच्या मुलांची खास अडचण म्हणजे 'आम्ही'. आम्ही डिझाइन केलं, आम्ही टेस्ट केलं. 'मी' म्हणायला संकोच वाटतो, पण समोरच्याला चौघांपैकी याने काय केलं ते कळतच नाही. 'आम्ही चौघे होतो, त्यातलं फिक्स्चरचं ड्रॉइंग आणि व्हेंडरशी बोलणं माझ्याकडे होतं' असं म्हटलं की बढाईही होत नाही आणि काम कळतं.

एका कागदावर पाच-सहा प्रसंग लिहून ठेवायचे: मतभेद, चुकलेलं काम, कमी वेळ, नवीन शिकलेलं, कुणाकडून काम करून घेतलेलं, टीका. एचआरचे बहुतेक प्रश्न यातच फिरतात.

पेठकर
बोलण्यात ९३ टक्के देहबोली असते आणि फक्त ७ टक्के शब्द. शास्त्रीय संशोधन आहे. शब्दांवर एवढा वेळ घालवण्यापेक्षा चालणं-बसणं सुधारा.

शंकासूर
ते संशोधन असं म्हणतच नाही. मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना आणि आवडनिवड यांबद्दल होते. शब्द एक सांगतायत आणि सूर-चेहरा दुसरंच, अशा वेळी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच प्रश्न होता. मुलाखतीत ९३ टक्के अर्थ देहबोलीतून जात असता तर जपानी माणसाची मुलाखत जपानी न येता घेता आली असती.

पेठकर
आमच्या ट्रेनरनी स्लाइड दाखवली होती. तुम्ही ट्रेनर आहात का?

शंकासूर
अवांतर होतंय, थांबतो.

टॉर्कपाना
एचआरवाली यांच्याशी सहमत, पण मेकॅनिकलला एक भर. प्रसंगातला तांत्रिक तपशील पक्का हवा. 'बेअरिंग उशिरा आलं, म्हणून मी दुसरा व्हेंडर शोधला' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बेअरिंग कोणतं? '६२०४, शाफ्ट २० मिमीचा' असं लगेच आलं तर प्रसंग खरा वाटतो. (शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे बोअर, आतला व्यास मिमीत. बाहेरचा व्यास ४७, जाडी १४.) इथे त-त-प-प झालं की टीमवर्क, पुढाकार सगळं पाण्यात. सॉफ्ट स्किल वेगळं आणि टेक्निकल वेगळं असं मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात नसतं.

शॉप फ्लोअरवर जे 'कम्युनिकेशन' लागतं ते छान इंग्रजी नाही. शिफ्ट बदलताना 'मशीन प्रॉब्लेम देतंय' असं सांगणारा नको असतो. 'साडेपाचपासून सीएनसी ३ वर बोअर २०.०३ येतोय, ड्रॉइंगला २० एच७ आहे म्हणजे वरची मर्यादा २०.०२१, इन्सर्ट बदलला, १२ नग लाल ट्रेमध्ये वेगळे ठेवलेत, क्वालिटीला सांगितलंय, पुढचा पहिला नग तुम्ही चेक करा' असं सांगणारा हवा असतो. काय, कुठे, केव्हापासून, किती, काय केलं, कोणाला सांगितलं, काय राहिलं. या सात गोष्टी ३० सेकंदांत सांगायचा सराव कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच होतो. आधी मराठीत करा, नीट जमलं की इंग्रजीत.

मावळतीचावारा
टोस्टमास्टर्स (भाषणाचा सराव करणारे क्लब)! कोणी कसं सुचवलं नाही? पाहुणा म्हणून बहुतेक क्लबमध्ये फुकट बसता येतं, ऑनलाइन सभाही असतात. टेबल टॉपिक्समध्ये आयत्या वेळी विषय देतात, एक ते दोन मिनिटं बोलायचं. हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतात, आणि 'आ-ऊ' मोजायला एक माणूस स्वतंत्र असतो. सभासद व्हायला मात्र डॉलरमधली सहामाही वर्गणी अधिक क्लबचे पैसे लागतात, तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. पाहुणा म्हणूनच दोन-तीन क्लब फिरा. हात वर केला तर बऱ्याच ठिकाणी पाहुण्यालाही बोलू देतात.

शिफ्टबी
फुकटात टीसीएस आयऑनचा करिअर एज - यंग प्रोफेशनल हा ऑनलाइन कोर्स आहे, १५ दिवसांचा. संवाद, रेझ्युमे, जीडी, मुलाखत सगळं येतं. एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरेंचं ऑनलाइन शिक्षण) सॉफ्ट स्किल्सचे कोर्स आहेत, बघणं फुकट, फी फक्त परीक्षेची. पण हे सगळं बघायचं काम आहे. बघून पोहता येत नाही.

गेजब्लॉक
सर्टिफिकेटसाठी करू नका एवढंच. रेझ्युमेवर 'गुड कम्युनिकेशन स्किल्स' लिहिलं की समोरचा लगेच 'दाखव' म्हणतो.

नवखा_९८
चॅटजीपीटीकडून सगळी उत्तरं लिहून घ्या, काम फत्ते.

एचआरवाली
नको! त्या उत्तरांचा वास लगेच येतो. उलटं वापरा: जॉब डिस्क्रिप्शन आणि रेझ्युमे द्या, 'एकेक प्रश्न विचार, उत्तरावर उपप्रश्न काढ' असं सांगा आणि उत्तर तोंडाने द्या. शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू. मग ऐकताना फक्त 'ॲक्च्युअली', 'बेसिकली' मोजायचे. त्यांच्या जागी काहीच न बोलता थांबायचं. आठवड्याला एकच सवय धरा, चार एकदम धरल्या की मुलगा बोलायचाच थांबतो.

मावळतीचावारा
ऑनलाइन राउंड असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर (लॅपटॉपखाली जाड पुस्तकं), उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको, वायरचा हेडफोन. बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघायचं.

पेठकर
कोणी टोस्टमास्टर्सचं सुचवलं का? तेही चांगलं असतं.

शिफ्टबी
कॉलरट्यून काढायला सांगा. एचआरचा फोन आला की गाणं वाजतं. ट्रूकॉलरवरचं 'भाई' वगैरे नावही बदला.

कृष्णाकाठची
सर्वांचे आभार. स्टारचा कागद आणि वर्कशॉपचं त्याला वाचून दाखवलं. पण साहेबांनी परस्पर ठरवलंय: चार मित्रांबरोबर सांगलीतलाच वीकएंड क्लास, ४,५००. 'एकट्याने होत नाही, मित्र असले की जातो' म्हणाला. वरचे दीड हजार मी घालतेय. मला स्वतःला गेजब्लॉक यांचा मार्ग पटला होता, पण सराव त्याला करायचाय.

पेठकर
मी क्लासच सांगितला होता.

गेजब्लॉक
पाच जण असाल तर पैसे भरायच्या आधी क्लासला चार प्रश्न विचारा. बॅचमध्ये किती मुलं? (२० च्या वर असतील तर बोलायला वेळच मिळत नाही.) प्रत्येकाच्या किती मॉक (सरावाच्या) मुलाखती, आणि त्यांचं रेकॉर्डिंग मिळतं का? लेखी शेरा देतात का? मॉक घेणारा कधी कारखान्यात बसलाय का? आणि पाच जणांसाठी सूट मागा. शिवाय पाच म्हणजे होस्टेलवरच्या फेरीला आणखी दोघंच शोधायचेत.

कृष्णाकाठची
बॅच ३५ ची आहे. आत्ताच फोन करून विचारलं. रेकॉर्डिंग 'तुम्ही तुमच्या मोबाइलवर करा' म्हणाले. सूट ३०० देतायत. तो तरी जाणार म्हणतोय.

टॉर्कपाना
जाऊ दे. वर्कशॉपमधला तास मात्र बुडवू नको म्हणावं.