मदत हवी आहे: एनजिनएक्सची टेस्ट पास, तरी ४०३

रॉकी लिनक्स ९, वेब सर्व्हर एनजिनएक्स. कॉन्फिग तपासणारी ‘एनजिनएक्स -टी’ सिंटॅक्स ओके म्हणतं, रीलोडही होतं, पण साइटवर ४०३ (प्रवेश नाकारला) आणि एरर लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’. ही टेस्ट रूटने चालते. वर्कर युजरला (ज्या खात्याने एनजिनएक्स प्रत्यक्ष फाइली देतं) साइटच्या फाइली वाचता येतात का, हे ती बघतच नाही.

‘नेमआय -एल’ने पूर्ण पाथ पाहिला: डिरेक्टरी ७५५, फाइली ६४४, म्हणजे वाचायची परवानगी सगळ्यांना आहे. ‘एलएस -झेड’मध्ये मात्र एसईलिनक्सचं (मोडशिवायची वेगळी सुरक्षा-यंत्रणा) होम फोल्डरचंच लेबल, कारण फाइली ‘एमव्ही’ने हलवलेल्या. लेबल पूर्ववत करणाऱ्या ‘रीस्टोरकॉन -आरव्ही’ने ते सुटेल (७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, कृपया सुचवू नका).

अडचण पुढची आहे. डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये रीलोडआधीच हे पकडायचं कसं? ‘सुडो -यू एनजिनएक्स’ने फाइल वाचून पाहिली तर फक्त मोड तपासला जातो, एसईलिनक्सचं डोमेन (प्रोसेसचं लेबल) एनजिनएक्सपेक्षा वेगळंच राहतं. फाइलीचं लेबल अपेक्षित लेबलशी जुळतं का हे बघणारं ‘मॅचपाथकॉन -व्ही’ कुणी वापरतंय का?