मदत हवी आहे: बाबांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली आहे

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे.

ते लालबागच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. मग रोज पहाटे भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणून विकली, पण आम्हा दोघी बहिणींची शाळा सुटू दिली नाही. पुढे माझ्या मुलीला मांडीवर घेऊन रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे. एकदा मी ते टेप केलं. मध्येच तिचं "आजोबा, परत!" ऐकू येतं आणि बाबा खरंच पहिल्यापासून सुरू करतात.

ती साठ मिनिटांची कॅसेट परवा सापडली. फितीवर पांढरी बुरशी आहे आणि फितीला मागून दाबून धरणारा आतला नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा निघालाय. अजून टेपरेकॉर्डरला लावलेली नाही, फीत तुटेल अशी भीती वाटते.

मुंबई-ठाण्यात हे काळजीपूर्वक साफ करून मोबाईलवर घेऊन देणारं कुणी माहीत आहे का? शक्यतो समोर बसून करून देणारं. कॅसेट कुरियरने पाठवायची हिंमत होत नाही. तोवर ती कशी ठेवू?