चॅटबॉट सोबतीला घेऊन अभ्यास: तुमचे अनुभव लिहा

काजवा
काल भाची सांख्यिकीचा अभ्यास करत बसली होती. मध्येच तिचा आवाज आला, "अरे उत्तर नको सांगूस, मला विचार!" बघते तर समोर चॅटबॉट. मला एकदम माझी पदवीची वर्षं आठवली. पी-व्हॅल्यूची व्याख्या तोंडपाठ होती पण अर्थ कळला नव्हता, आणि भरल्या वर्गात हात वर करायचा धीर कधी झाला नाही. गुण मिळाले, शंका तशीच राहिली.

तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने लिहिलं, 'पी-व्हॅल्यू म्हणजे नल हायपोथेसिस (काही फरक नाही, असं सुरुवातीचं गृहीतक) खरी असण्याची शक्यता.' त्याने विचारलं, 'हा आकडा काढताना आपण सुरुवातीला काय खरं धरलं होतं?' ती थबकली. मग तिचं तिलाच उलगडलं. हायपोथेसिस खरी धरूनच हिशोब केलाय, मग तो आकडा तिच्या खरेपणाबद्दल कसं सांगेल? ती खरी धरली तर असा किंवा याहून टोकाचा निकाल यायची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. इतक्या वर्षांनी मलाही लख्ख कळलं, फार बरं वाटलं.

विद्यार्थी, शिक्षक, पालक, कोणीही लिहा. नेमकं काय करता ते सांगा.

मागचाबाक
धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि त्याला सांगायचं, 'यावर प्रश्न विचार, एका वेळी एकच, मी लिहीपर्यंत पुढे जाऊ नकोस.' शेवटची अट विसरू नका, नाहीतर प्रश्न आणि उत्तर दोन्ही तोच देऊन मोकळा होतो.
मानसशास्त्राला आम्हाला रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग होता. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून मी त्याच्याकडून सारांश मागतच नाही.

वाटसरू
मागचाबाक, अगदी हेच! बस आली, नंतर लिहितो.

खडू_डस्टर
पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवतो. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या सत्रात असाइनमेंट एकदम देखण्या व्हायला लागल्या. एखाद्या ओळीवर बोट ठेवून 'ही कशासाठी?' विचारलं की मूल गप्प. बंदी घालून उपयोग नव्हता. आता सबमिशन घेताना कोडमधली एक ओळ बदलतो आणि आउटपुट काय येईल ते चालवून न बघता सांगायला लावतो. चॅटबॉट वापरून नीट शिकलेली मुलं पटकन सांगतात, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तुर्कस्तानातल्या शाळेतला गणिताचा प्रयोग सगळ्यांनी वाचावा असा आहे. साधा चॅटबॉट हाताशी असताना मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती १७ टक्क्यांनी कमी पडली. दुसऱ्या गटाचा चॅटबॉट शिक्षकांनी ठरवलेले इशारे तेवढे द्यायचा, त्या गटात ही घसरण जवळपास टळली. मुलं शाळेतली होती, पण माझ्या वर्गात मला वेगळं काही दिसत नाही.

चाफेकळी
सर, मोठ्या वर्गात एकेकाला विचारायला वेळ कसा पुरतो?

खडू_डस्टर
प्रॅक्टिकलच्या तासाला फिरता फिरता विचारतो. एका फेरीत सगळे होत नाहीत, उरलेले पुढच्या आठवड्यात.

रात्रपाळी
नोकरी, लहान मूल आणि दूरस्थ पदवी. रात्री साडेअकराला शंका आली तर कुणाला उठवू? त्यात शाळा मराठीतून आणि इथे पुस्तकं सगळी इंग्रजी. मी आधी मराठीत समजून घेते, मग मला समजलेलं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिते आणि म्हणते, 'भाषा सुधारू नकोस, विचार कुठे चुकलाय तेवढं दाखव.' या एका वाक्याने मला फार धीर
बाळ उठलं. येते.

काजवा
रात्रपाळी, सवडीने लिही गं. वाचून भरून आलं.

संदर्भसूची
पीएचडीवाल्यांनो, त्याच्याकडून संदर्भ मागत असाल तर सावध. आमच्या विभागात एकीला सुरेख यादी मिळाली. लेखक खरे, नियतकालिकं खरी, पण त्या नावाचे लेखच अस्तित्वात नाहीत! ग्रंथपालबाई बिचाऱ्या दिवसभर शोधत होत्या. पुढे कुठला शब्द शोभेल याचा अंदाज बांधत तो लिहीत जातो, त्यामुळे संदर्भही खऱ्यासारखे दिसणारे जुळवून देतो. इंटरनेटवर शोधून दिले तरी लेख उघडून त्यात ते म्हटलंय का ते पाहाच. मी त्याला माझाच मसुदा देते आणि म्हणते, 'तू कडक परीक्षक आहेस, कमकुवत जागा दाखव.' व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, उत्तम तयारी होते.

निळी_शाई
मला उलटं भोगावं लागलं. निबंध संपूर्ण माझा, पण विभागाच्या डिटेक्टरने (मजकूर चॅटबॉटचा आहे का ते ओळखणारं सॉफ्टवेअर) यंत्राचा ठरवला. तीन आठवडे चौकशी. शेवटी सुटले, पण त्या काळात झोप उडाली होती.

चाफेकळी
अगं बाई. एकटीने काढलंस सगळं? खूप वाईट वाटलं.

खडू_डस्टर
निळी शाई, हा अन्याय आहे आणि आम्ही शिक्षकांनी तो थांबवायला हवा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने आपला डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) निबंध सात डिटेक्टरांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले! आपल्या मुलांना याचा फटका बसणारच. मसुद्याची व्हर्जन हिस्टरी जपून ठेवत जा.

निळी_शाई
धन्यवाद सर. आता पहिला मसुदा कागदावरच लिहिते.

चाफेकळी
मीपण! शाईपेन की बॉलपेन?

निळी_शाई
शाईपेनच गं, नाव बघ की 😊 हात कमी दुखतो.

वाटसरू
आलो परत. मागचाबाक, हेच बोलून करून बघ. चालता चालता व्हॉइसवर उत्तरं देतो, अडखळलो की कच्चं कुठे आहे ते लगेच कळतं.

कानाने_वाचते
मला दिसत नाही. पुस्तकातल्या आलेखापाशी स्क्रीन रीडर नुसतं 'इमेज' म्हणून पुढे जायचा. आता फोटो देते आणि अक्ष कुठले, रेषा कुठे वळते ते विचारते. पहिल्यांदा पुरवठा-मागणीचा आलेख असा डोक्यात उभा राहिला तेव्हा रडू आलं. आकडे मात्र कधी कधी चुकीचे वाचतो, ते मैत्रिणीकडून तपासून घेते. मॅट्रिक्सचं मात्र जमत नाहीये, ओळी-स्तंभ ऐकताना गोंधळतात. कुणी काही उपाय केलाय?

खडू_डस्टर
लेटेकमध्ये (गणित साध्या अक्षरांत टाइप करायची पद्धत) लिहून माग. नाहीतर 'पहिली ओळ, पहिला स्तंभ' असं प्रत्येक आकड्याआधी म्हणायला सांग. माझी एक विद्यार्थिनी असंच करते.

कानाने_वाचते
दुसरं आत्ताच करून बघते. परवा लिनियर अल्जिब्राचा पेपर आहे.

मागचाबाक
माझाही! डिटरमिनंटचे प्रश्न बनवून घेतलेत, पाठवू का?

कानाने_वाचते
पाठव पाठव. फोटो नको, टाइप केलेले.