मदत हवी आहे: एकच ड्रेनेज लाइन दर तीन आठवड्यांनी तुंबते

नवशिका_जेई:
नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ अभियंता (जेई), पाणीपुरवठ्यातून ड्रेनेजला येऊन दोनच महिने झालेत, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

३०० मिमीची जुनी स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या पाइपची) लाइन, दोन मॅनहोलमधलं अंतर ३० मीटर. दर तीन आठवड्यांनी तुंबते आणि वरच्या मॅनहोलमधून मैलापाणी रस्त्यावर येतं. जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याचे फवारे मारणारं) लावलं की तासाभरात मोकळी. रजिस्टरमध्ये "चोकअप काढला" लिहायचं आणि पुढच्या तक्रारीची वाट बघायची. वर्षभरातल्या अशा नोंदी मोजल्या, सोळा भरल्या.

दोन्ही मॅनहोलच्या इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाच्या पातळ्या, घेतल्या. फरक ९ सेंमी, म्हणजे उतार साधारण १:३३३. कागदावर ठीक आहे. जेटिंगनंतर लगेच कॅमेरा घातला, पण तो खर्च वाया गेला. वरून खाली जाताना ११ मीटरला कॅमेरा पाण्यात बुडाला आणि १७ मीटरला बाहेर आला. मधलं काही दिसत नाही. कंत्राटदाराने "दृश्यमानता नाही" लिहून बिल लावलंय. वरिष्ठ म्हणतात, लोक तेल ओतत असणार, नोटिसा काढ. काय करू?

जुना_चेंबर:
जेटिंग करताना खालच्या मॅनहोलमध्ये काय येतं ते कोणी बघतं का? तेलाचे पांढरे गोळे, मुळांचे झुपके, कापड, की रेती? चोकअप कशाचा होता हे नोंदवलं नाही तर सोळा नोंदींचा उपयोग शून्य. आणि मशीन कुठून लावता? खालच्या मॅनहोलमधून नोझल वर पाठवायचं. त्याचे फवारे मागे मारतात, म्हणून ते स्वतः पुढे सरकतं आणि ओढताना गाळ खाली घेऊन येतं. तिथे सक्शन लावून तो उचलायचा. नाहीतर तुमचा चोकअप पुढच्या लाइनला आंदण दिला म्हणून समजा.

नवशिका_जेई:
सुपरवायझरला विचारलं. रेती येते म्हणे, बारीक, तांबूस. तेल फारसं नाही. गाळ "वाहून जातो", म्हणजे सक्शन लावतच नाहीत.

कॅमेरावाला:
जेई साहेब, तुमचं फुटेज वाया गेलेलं नाही, उत्तर त्यातच आहे. पुढे काही अडलं असतं तर पाणी मागे फुगून सपाट उभं राहिलं असतं. कॅमेरा बुडवण्याएवढं, समजा १० सेंमी पाणी १७ मीटरला तुंबलं, तर तुमच्या उतारावर त्याचा फुगवटा थेट वरच्या मॅनहोलपर्यंत पोचतो. तुमच्याकडे ११ मीटरपर्यंत पाणी कमी आहे, मग डोह, मग पुन्हा कमी. पाइप मध्येच बसलाय. आम्ही त्याला पोट पडणं म्हणतो. मॅनहोलवरच्या लेव्हलमध्ये ते कधीच दिसणार नाही, कारण दोन्ही टोकं जागेवरच आहेत.

खात्रीसाठी वरचं मॅनहोल प्लग लावून बंद करा, लाइन धुवा, थोडं स्वच्छ पाणी सोडून थांबा. मग कॅमेरा घाला, या वेळी खालून. डोह त्याच जागी सापडेल. बिलाबद्दल मात्र भांडा. पाणी कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे मीटरनिशी लिहिणं आमचं काम आहे.

जुना_चेंबर:
बरोबर. गाळ बसू नये म्हणून ३०० मिमीला भरून वाहताना ०.६ मीटर प्रति सेकंद वेग हवा तर १:५०० उतार जेमतेम पुरतो. ३० मीटरला ६ सेंमी. तुमच्याकडे शिल्लक किती? ३ सेंमी. पोटात पाणी मंदावतं, गाळ बसतो, मैला सडतो, वासही तिथूनच येतो. नोटिसा काढून पाइप वर येणार नाही.

मला काळजी रेतीची आहे. तांबूस रेती घरातून येत नाही, सांध्यांतून आजूबाजूची माती आत येतेय. ११ ते १७ मीटरच्या वर रस्ता बघितलात?

नवशिका_जेई:
आत्ता जाऊन आलो. डांबर हलकंसं खचलंय, मागच्या पावसाळ्यात दोनदा भरून घेतलं होतं. आम्ही ते रस्ते विभागाचं खराब काम समजत होतो.

जुना_चेंबर:
खाली पोकळी असणार. आजच बॅरिकेड लावा, जड वाहनं वळवा. जेटिंगचा दाबही कमी ठेवा, जोराच्या फवाऱ्याने सांधे आणखी उघडतात.

लायनिंग, म्हणजे पाइपला आतून अस्तर, करू म्हणून कोणी येईल. तडे आणि गळके सांधे त्याने बंद होतात, पण अस्तर पाइपच्याच आकारात बसतं, पोट तसंच राहतं. तेवढा तुकडा खोदून, तळ नीट दाबून नवा पाइप टाकावा लागेल.

आणि बघायला म्हणून माणूस आत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड हा मैल्यातला विषारी वायू वाढला की नाक बधिर होतं, वास थांबतो आणि माणसाला वाटतं हवा चांगली आहे. अशाने वाचवायला उतरलेलेही गेलेत.

नवशिका_जेई:
बॅरिकेड लागलंय, काका. खोदकाम चालू असताना वरच्या घरांचं पाणी कुठे न्यायचं?

जुना_चेंबर:
वरच्या मॅनहोलला प्लग, तिथून पंपाने खालच्या मॅनहोलमध्ये. पंप दोन ठेवा, एक बंद पडतोच. क्षमता सकाळच्या गर्दीच्या प्रवाहावर काढा, तो आधी दोन-तीन दिवस मोजून घ्या. जुन्या पाइपची जोडणी पहाटे करा, तेव्हा पाणी सर्वांत कमी असतं.