उरलेली उकडलेली अंडी: तुम्ही कशी ठेवता, कधी टाकता?

परवा लेकाच्या वाढदिवसाला तीस अंडी उकडली, त्यातली अकरा उरली. आवराआवर होईपर्यंत साडेबारा वाजले आणि पातेलं रात्रभर ओट्यावरच राहिलं. सकाळी एक सोलून पाहिलं, तर पांढरं घट्ट आणि वास अजिबात नाही. सासूबाई म्हणाल्या, "रस्सा करून टाक, उकळी आली की सगळं मरतं." मी अकराच्या अकरा टाकली. अन्न टाकल्याची रुखरुख अजून जात नाही. तुमच्या घरी प्रत्यक्ष काय घडलंय ते लिहा, ऐकीव नको.

नागपूर:
ताई, टाकलीत ते बरोबरच केलंत. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी एकला केलेला अंड्याचा रस्सा झाकून बाहेर राहिला. रात्री नऊला चांगला खदखदून उकळला. तर्री लालभडक, वास मसाल्याचा, चवीतही फरक नाही. अकराच्या सुमारास धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ मला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "किती वेळ बाहेर होतं?" काही जंतू अन्नात विष सोडतात. उकळल्यावर जंतू मरतात, पण ते विष तसंच राहतं, हे त्या रात्री कळलं. त्या पोराचा पांढराफटक चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. आता अंड्याचं काहीही केलं की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि पारा 32 अंशांच्या वर असला तर तासाभरात. खोल पातेल्यात रस्सा मध्यभागी फार वेळ कोमट राहतो, म्हणून पसरट डब्यात काढते. तीन दिवसांत संपवतो.

ठाणे:
बलकाभोवती हिरवट करडी कड दिसली की मी कित्येक वर्षं अंडं टाकून देत होते. ती खराबी नव्हेच. जास्त उकडलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती कड धरते. वेळेवर गॅस बंद करून अंडी लगेच गार पाण्यात टाकायला लागले, तेव्हापासून दिसली नाही.

डोंबिवली:
रात्री सोललेली दोन अंडी सकाळी डब्यात घातली, पावणेसातची लोकल, जेवायला दीड वाजला. उचलताना बोटाला बुळबुळीत लागलं, वर साबणाचं पाणी वाळावं तसा चिकट थर. वास फारसा नव्हता, तरी डबा तसाच बंद केला. आता टरफलासकट नेतो, सोबत बर्फाची पिशवी, आणि ऑफिसात पोचल्याबरोबर तिथल्या फ्रीजमध्ये.

रत्नागिरी:
पावसाळ्यात वीज गेली की वेळ कॅलेंडरवर लिहायची आणि फ्रीजचं दार उघडायचं नाही. दार बंद असेल तर साधारण चार तास थंडावा टिकतो. गेल्या जुलैत रात्रभर वीज नव्हती. सहा उकडलेली अंडी होती, सगळी टाकली.

न्यू जर्सी:
रविवारी आठ उकडते आणि टरफलावर पेन्सिलने तारीख घालते. न सोलता सात दिवस, त्यापुढे नाही. उकडलं म्हणजे जास्त टिकेल असं मला वाटायचं, आहे उलटं: उकडताना टरफलावरचा संरक्षक थर निघून जातो आणि बारीक छिद्रं उघडी पडतात. तडा गेलेलं अंडं त्याच दिवशी खाते. फ्रीजच्या दारात ठेवत नाही, सारखी उघडझाप होते तिथे.

कोल्हापूर:
पाण्यात तरंगलं की खराब, हे उकडलेल्यालाही लागू आहे का?

नागपूर:
नाही दादा, ती पारख कच्च्या अंड्याची. दिवस जातील तशी आतली हवेची पोकळी वाढते, म्हणून ते तरंगतं. त्यातून फक्त जुनेपणा कळतो.

आज सासूबाईंना नागपूरचा अनुभव वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होत्या. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनीच स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, बुर्जी उरलीय, आत ठेवतेस का?"